ज्याच्याकडे बॉल, त्याच्या बाजूने

फुटबॉलच्या सरावाला सुरुवात करताना धाकटे सर, म्हणजे सहायक प्रशिक्षक, बिबांची पिशवी मैदानाच्या कडेला उपडी करत. बिब म्हणजे जर्सीवर चढवायचं जाळीदार, बिनबाह्यांचं जाकीट. कोण कुणाच्या बाजूचा ते त्यावरून कळतं. पिशवीतून लाल पडायची, निळी पडायची आणि सगळ्यांत शेवटी, तळाला अडकून बसलेलं एकुलतं एक पिवळं. लाल आणि निळे मग एका छोट्या चौकोनात शिरून एकमेकांकडून बॉल काढून घ्यायचा खेळ खेळत. पिवळा मात्र ज्याच्याकडे बॉल असेल त्याच्या बाजूने खेळायचा. बॉल लालकडे असला की तो लाल, निळ्यांनी काढून घेतला की त्याच क्षणी निळा. त्याने कुणाच्या अंगावर जायचं नाही, कुणाचा पाठलाग करायचा नाही. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना पास द्यायला एक जास्तीचा, मोकळा माणूस सापडावा एवढंच त्याचं काम.

त्या हंगामात हे बिब विशीतल्या एका पोराच्या अंगावर चढलं आणि उतरायचं नाव घेईना. तो ज्युनियर संघातून नुकताच वर आला होता. मधल्या फळीत खेळायचा. पहिल्या दिवशी एक गडी जास्त झाला म्हणून धाकट्या सरांनी पिवळं त्याच्याकडे फेकलं. दुसऱ्या दिवशी सवयीने फेकलं. पुढे पुढे तो स्वतःच पिशवीत कोपरापर्यंत हात घालून ते काढून घ्यायला लागला. पोरांनी त्याचं नाव पिवळ्या ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघेना.

"पिवळ्या, मॅच संपल्यावर हात कुणाशी मिळवणार रे तू?" गोलकीपर विचारायचा. संघातला सगळा पाणचटपणा एकट्या गोलकीपरने अंगावर घेतला होता.

"जो जिंकेल त्याच्याशी," पिवळ्या म्हणायचा.

पण त्या कामात तो खरोखर तयार होता. चौकोनात इतकी माणसं की पाय ठेवायला जागा नाही, आणि हा बरोबर तिघांच्या मधल्या फटीत, अंग अर्धं वळवून, कमरेपाशी तळहात पुढे करून उभा. तोंडाने मागायचा नाही. तळहात दिसला की समजायचं, इकडे दे. बॉल घेतला की एका स्पर्शात पुढे सरकवला, आणि बॉल ज्याला दिला त्याच्याही आधी पुढच्या फटीत हजर. बॉल दुसऱ्या बाजूने जिंकला तर याच्या चेहऱ्यावर ना दुःख ना आनंद. तो फक्त नव्या मालकाकडे वळायचा. मोठे सर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, कौतुकाच्या बाबतीत हात आखडता असलेला माणूस. तेही एकदा धाकट्या सरांना म्हणाले होते, "हा सापडतो." पिवळ्याने ते दोन शब्द घरी येऊन आत्याला सांगितले होते.

घर म्हणजे आत्याचं. तळमजल्यावर तिची लाँड्री आणि वर दोन खोल्या. पिवळ्याची खोली नेमकी बॉयलरच्या डोक्यावर होती, त्यामुळे फरशी बारा महिने कोमट. धुतलेले मोजे रात्री जमिनीवर पसरले की सकाळी कुरकुरीत. आईबाबा दुसऱ्या शहरात. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते, आणि त्यांच्या हाताखाली एका पोराची जागा निघाली होती. साहेबांनी ती पिवळ्यासाठी राखून ठेवली होती, पण हंगाम संपेपर्यंतच. क्लबचा करारही हंगाम संपेपर्यंतचाच. त्यानंतर क्लब एक तर नवा करार पुढे करणार, नाहीतर पाठीवर थाप मारून शुभेच्छा देणार. तेव्हा या वर्षात काय ते दाखवायचं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

दाखवायची पाळी हिवाळा सरताना आली.

सामना घरच्या मैदानावर होता, बरोबरीत चालला होता, आणि दादाचा गुडघा कुरकुरायला लागला होता. दादा म्हणजे मधल्या फळीचा कारभारी. पस्तिशीला टेकलेला, कपाळ मागे सरकत चाललेलं, आणि मैदानातला एकही बॉल आपल्याला विचारल्याशिवाय हलू नये अशा थाटात वावरणारा. त्याला मोठे सरसुद्धा दादाच म्हणत. तो लंगडत कडेला आला. मोठ्या सरांनी मान न वळवता बोट वाकवलं.

"पिवळ्या. दादाच्या जागी. साधं खेळ."

पिवळ्या गवतावर उतरला. पहिला पास आला, त्याने दिला. परत आला, परत दिला. चौकोनाच्या मानाने इथे जागाच जागा होती. आपल्या लोकांना तो हवा तिथे सापडत होता, आणि प्रेक्षकांतला एक घोगरा आवाज "अरे, हा कोण आहे? बरा आहे की!" असं ओरडलेला त्याला स्पष्ट ऐकू आला.

मग आपल्या उजव्या बाजूच्या बचावपटूने एक आळशी आडवा पास दिला, तो थेट समोरच्यांच्या दहा नंबरच्या पायात. पिवळ्या त्याच्यापासून चार ढांगांवर होता. अशा वेळी मधल्या फळीतला कुठलाही खेळाडू अंगावर जातो, निदान वाटेत आडवा तरी येतो. पिवळ्याने वर्षभर जे केलं तेच केलं. बॉल कुणाकडे गेला ते बघितलं, उलट्या पावली सरकून दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत गेला, अंग अर्धं वळवलं आणि कमरेपाशी तळहात पुढे केला.

दहा नंबरने वर बघितलं. क्षणभर तो थबकला. एवढा वेळ आपल्याला मिळतोय यावर त्याचाच विश्वास बसेना.

"पिवळ्या!" मागून गोलकीपरची किंकाळी आली. "अरे जा ना अंगावर!"

तोवर बॉल आपल्या बचावाच्या मधून आरपार गेला होता, आणि त्यांचा स्ट्रायकर एकटाच त्याच्या मागे पळत होता. जाळी हलली. पिवळ्याचा तळहात अजून पुढेच होता. आज आपल्या अंगात पिवळं नाही, हे त्याला तेव्हा आठवलं.

प्रेक्षकांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ते हसले. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून.

ड्रेसिंग रूममध्ये सगळे बुटांच्या नाड्या सोडत होते. मोठे सर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू काय करत होतास?"

"बॉल मागत होतो, सर."

"कुणाकडे?"

पिवळ्याने मान खाली घातली. सर निघून गेले.

"त्यांनी नाही दिला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस," गोलकीपर म्हणाला. "ओळख नव्हती ना. पुढच्या वेळी आधी चहाला बोलावू."

सगळे हसले. दादा बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसला होता, तोही हसला. पिवळ्याने हसायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्याने साथ दिली नाही.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी तेवढाच तुकडा कापून फोनवरून सोडला. खाली लिहिलं होतं, 'मदतीचा हात'. तो गावभर फिरला. लाँड्रीत शर्ट न्यायला येणाऱ्या बँकेतल्या कारकुनाने तो आत्याला दाखवला, हा हिचा भाचा हे माहीत नसताना.

"छान आहे," आत्या म्हणाली. "आणि तुमच्या कॉलरवरचा डाग निघाला नाही. निघणारही नाही."

डाग निघाला होता. पण त्या दिवसापुरती तिने कारकुनाला त्याची खबर लागू दिली नाही.

वर येऊन तिने पिवळ्यापुढे अंडी आणि ब्रेड ठेवले. "एक सांगू? सगळ्यांत सभ्य तूच दिसतोस त्यात. बाकीचे नुसते धसमुसळे. तू बिचारा रीतसर मागतोयस."

"आत्या, प्लीज."

"बरं, नाही बोलत. खा."

बाबांचा फोन आला तो जेवण झाल्यावर. फोनवर बाबा नेहमी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत. हळू, आणि मध्ये बऱ्याच जागा सोडून.

"बघितलं."

"हं."

"लागलं नाही ना कुठे?"

"नाही बाबा."

"साहेब विचारत होते जागेचं. मी म्हटलं, हंगाम संपू दे. तोपर्यंत थांबतील ते. पुढे थांबणार नाहीत. मी आपलं कानावर घातलं."

दुसऱ्या दिवशी धाकट्या सरांनी पिशवी उपडी केली तेव्हा पिवळ्याने पिवळ्या बिबाला हात लावला नाही. "सर, मला लाल द्या."

"का रे? पिवळं तुझं ठरलेलं आहे."

"द्या त्याला लाल," मोठे सर लांबूनच म्हणाले.

पिवळं बिब मग दुखापतीतून उठणाऱ्यांच्या वाट्याला जायला लागलं. ज्याला पळायचं कमी आणि अंगाला अंग लावायचं नाही, त्याला ते सोयीचं. आणि पिवळ्या लाल घालून असा खेळायला लागला की बघणाऱ्याला धाप लागावी. बॉल समोरच्याकडे गेला की हा सुटायचा. कुठून, कुठे, कशाला, काही बघायचा नाही. पुन्हा कुणी आपल्याला उभं राहिलेलं बघू नये, एवढंच डोक्यात. दादा निळ्यात असायचा. तो पिवळ्या अंगावर येईपर्यंत वाट बघायचा, शेवटच्या क्षणी तळव्याने बॉल बाजूला ओढायचा, आणि हा ताशी तीस मैलांनी पुढे निघून जायचा.

"कुठे निघालास?" दादा मागून विचारायचा. "येताना दूध घेऊन ये."

पुढच्या सामन्यांत पिवळ्याचं नाव सामन्यासाठी निवडलेल्या अठरा जणांतही आलं नाही. तो ट्रॅकसूट घालून वर प्रेक्षकांत बसायचा आणि टोपी कपाळावर ओढून घ्यायचा. हंगाम हातातून वाळूसारखा निसटत होता. जुनी पोरं पुढच्या वर्षाच्या गोष्टी बोलायला लागली की हा पाणी प्यायला उठायचा.

सामना नसलेल्या एका दुपारी तो खाली लाँड्रीत आत्याला मदत करत होता. मदत म्हणजे इस्त्री झालेले कोट हँगरवर चढवून वर प्लास्टिक ओढायचं. आत्या वाफेच्या इस्त्रीवर एक पांढरा कोट दाबत होती.

"तो तुकडा आहे का रे तुझ्याकडे? लाव बघू."

"कशाला आता?"

"अरे, लाव. मी दर वेळी तुलाच बघते. तो समोरचा मुलगा काय करतो ते बघायचं राहिलंय."

पिवळ्याने नाइलाजाने फोन काउंटरवर, चिठ्ठ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. आत्याने इस्त्री वर घेतली, फुसकन वाफ सोडली आणि चष्मा पुसून वाकून बघितलं. बघितलं आणि परत लावायला सांगितलं.

"हा तुला देणार होता," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, आत्या."

"अरे, पाय बघ ना त्याचा. तुझ्याकडे वळलाय. बॉलवर आणला, आणि मग रंग बघितला तुझ्या अंगातला." ती हसायला लागली. "एखादा आपला समजून दुसऱ्याचाच कोट घेऊन निघतो ना, दारापर्यंत जातो आणि मग बाही बघून परत येतो, तस्सा. पोराला मोह झाला होता, बघ."

तिच्या दृष्टीने गंमत तिथेच संपली. ती पुन्हा कोटाकडे वळली. पिवळ्या मात्र फोनवर वाकून तेवढाच क्षण पुढे-मागे करत राहिला. दहा नंबरने वर बघितलं होतं. त्याचा उजवा पाय खरोखरच आतल्या बाजूला उघडला होता, पिवळ्याकडे, आणि मग घाईने बंद झाला होता. पास देणारा माणूस उगाच पाय उघडत नाही. म्हणजे ती जागा बरोबर होती. त्या क्षणी, त्या मैदानावर, त्यांच्यातल्या कुणीही उभं राहावं अशी ती सगळ्यांत चांगली जागा होती, आणि ती त्याने न शोधता शोधली होती. वर्षभर निम्मा वेळ तो समोरच्यांचाच माणूस होता की. समोरच्यांना बॉल कुठे द्यावासा वाटेल हे त्याला अंगानेच कळत होतं. आणि आता महिनाभर लाल घालून तो नेमकं तेच विसरायचा आटापिटा करत होता.

चूक जागेत नव्हती. आधीच जाऊन तिथे उभं राहण्यात होती.

"आत्या, मी जरा येतो," तो म्हणाला.

"प्लास्टिक कोण ओढणार?"

पण तो जिना चढून गेला होता. त्या कोमट फरशीवर त्याने मोज्यांच्या गुंडाळ्या मांडल्या, माणसं म्हणून, आणि त्यांच्यातून स्वतः फिरून बघायला लागला. खालून आत्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं तेव्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी तो लाल घालून चौकोनात उतरला आणि निळ्यांकडे बॉल गेल्यावर सुटला नाही. मनातल्या मनात निळा झाला. मी दादाच्या बाजूचा असतो तर आत्ता बॉल कुठे मागितला असता? तिथे. तो तिथे गेला. दादाने त्याला बघितलं आणि बॉल दुसरीकडे दिला. पुढच्या वेळी तो मुद्दाम लांब राहिला आणि उशिरा निघाला. बॉल त्याच्या आधी पोचला. असं दोन-तीन दिवस चाललं. आधी गेलं तर दिसतो, नंतर गेलं तर पोचत नाही. मग त्याच्या लक्षात आलं की आपण बॉलकडे बघतोय, आणि बघायला हवं दादाच्या डोळ्यांकडे. पास देणारा आधी वर बघतो, कुठे द्यायचं ते ठरवतो, आणि मारण्यासाठी नजर खाली बॉलवर आणतो. ती नजर खाली गेली की तेवढ्या वेळापुरता तो आंधळा. जायचं ते तेव्हाच.

त्या सकाळी त्याने दादाचा पहिला पास मधल्यामध्ये उचलला. दादाने शिवी हासडली आणि विषय सोडून दिला. दुसरा उचलला तेव्हा दादाने वळून बघितलं. तिसऱ्या पासाला दादाने मुद्दाम डावीकडे बघून उजवीकडे दिला, आणि पिवळ्या उजवीकडेच निघाला.

"हा काय माझ्या खिशात राहतोय?" दादा ओरडला. "सर, याला घ्या बाहेर! नाहीतर मला घ्या!"

मोठ्या सरांनी हातातली शिट्टी खिशात टाकली आणि खेळ वेळ संपल्यावरही चालू ठेवला.

सराव आटोपल्यावर दादाने त्याला बाकावर शेजारी बसवून घेतलं. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, दादा. मी वर्षभर तुमच्याकडूनच बॉल मागत होतो ना. तुम्ही कुठे द्याल ते पाठ झालंय."

"म्हणजे मीच फुकट शिकवणी घेतली तुझी." दादा गुडघा दाबत राहिला. "आणि दुसरं कुणी असेल तर?"

"दुसऱ्यांकडूनही मागितलाय की. सगळ्यांकडूनच."

दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मैदानावर बॉल कुणाकडे द्यावा हे ठरवताना तो तसंच बघायचा. "एक गोष्ट सांगतो. मैदानात मला 'दादा, मागे बघा, तुमच्या मागे माणूस आलाय' असं म्हणायचं बंद कर. तेवढ्यात तो माणूस बॉल घेऊन घरी पोचतो. 'दादा, मागे!' बस. आणि मला सरळ 'तू' म्हण. मी काही आशीर्वाद काढून घेणार नाही."

"बरं दादा. म्हणतो. तुम्ही म्हणाल तसं."

दादाने कपाळाला हात लावला.

शेवटून दुसऱ्या सामन्याच्या यादीत पिवळ्याचं नाव अठरांत आलं. दादाने मोठ्या सरांना काय सांगितलं हे कुणाला कळलं नाही. आपला गुडघा अर्ध्या सामन्यापुरताच आहे, एवढं तर त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मैदान समोरच्या संघाचं होतं. पिवळ्याला बेंचवर बघून प्रेक्षकांतल्या टवाळांनी लगेच ओळखलं. एका रांगेतले सगळे तळहात पुढे करून उभे राहिले. "ए, आम्हालाही दे!"

"बघ, तुझे भक्त," गोलकीपर मैदानात जाता जाता म्हणाला.

पहिल्या अर्ध्यात काही झालं नाही. दुसरा अर्धा सुरू झाला आणि दादाने स्वतःच हात वर केला. कडेला पोचल्यावर तो पिवळ्याच्या मानेला धरून म्हणाला, "घाई करू नको. मागायला जातोस तसाच जा. फक्त, आलेला बॉल आपल्या लोकांना दे."

त्यांचा मधला खेळाडू चांगला होता, हे पिवळ्याला पहिल्या काही मिनिटांतच कळलं. उंच, निवांत, दोन्ही पायांचा. पिवळ्या त्याच्या अंगावर गेला नाही. प्रेक्षक ओरडले, "उभा राहिला! परत उभा राहिला!" मोठे सर कडेला हातांची घडी घालून होते, ती सुटली नाही. पिवळ्या मनातल्या मनात त्यांच्या संघात शिरला, त्यांच्यासाठी जागा शोधली, आणि तिच्यापासून दोन ढांगा लांब, दुसरीकडेच बघत असल्यासारखा थांबला. उंच खेळाडूने वर बघितलं. जागा मोकळी होती. त्याने नजर खाली केली.

बॉल पिवळ्याच्या पायात आला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. त्याने तो कडेने पळणाऱ्या आपल्या विंगरला दिला, आणि संघ पुढे गेला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. एकदा तो फसला. उंच खेळाडूने पाय उघडून बॉल दाबून धरला, आणि पिवळ्या रिकाम्या जागेत येऊन उभा राहिला, तेव्हा टवाळांची रांग खूश झाली. पण त्यानंतर तो उंच खेळाडू पास द्यायच्या आधी दोनदा वर बघायला लागला. दोनदा बघायचं म्हणजे उशीर, आणि उशीर झाला की आपला स्ट्रायकर त्याच्या अंगावर पोचायचा. हळूहळू त्यांचा खेळ मधून जायचाच बंद झाला. बॉल मागे, बचावपटूकडे, तिथून परत मागे.

सामना संपत आला होता. त्यांच्या बचावपटूकडे बॉल होता, आपला स्ट्रायकर त्याच्याकडे धावत निघाला होता, आणि त्याला घाईघाईत कुणीतरी मोकळा हवा होता. पिवळ्या थकला होता. मुद्दाम लांब थांबायचं, दुसरीकडे बघायचं, हे सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. तो सरळ मोकळ्या जागेत गेला, अंग अर्धं वळवलं, आणि त्याचा तळहात आपोआप कमरेपाशी पुढे झाला.

बचावपटूने बॉल त्याला दिला.

क्षणभर देणाराही हलला नाही आणि घेणाराही नाही. मग पिवळ्याने वर बघितलं. स्ट्रायकर अजून धावतच होता, बचावपटूच्या बरोबरीला पोचलेला, आणि त्याच्यासमोर एकटा त्यांचा गोलकीपर. पिवळ्याने नजर खाली केली आणि बॉल त्याच्या पुढ्यात सरकवला. बाकीचं काम स्ट्रायकरने केलं.

"त्याने मागितला!" बचावपटू रेफ्रीच्या मागे पळत होता. "सर, त्याने माझ्याकडे मागितला!"

"तोंडाने काही बोलला?"

"नाही, हात—"

"मग तू दिलास कशाला?" रेफ्रीने मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं.

आपला गोलकीपर दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर बसून हसत होता. टवाळांच्या रांगेतले तळहात खाली गेले होते. एकाचा राहिला होता, तो त्याने केसांतून फिरवून घेतला.

शिट्टी झाल्यावर मोठे सर पिवळ्याच्या शेजारून चालत ड्रेसिंग रूमकडच्या बोगद्यापर्यंत आले. दारापाशी थांबून म्हणाले, "काय करत होतास?"

"बॉल मागत होतो, सर."

"कुणाकडे?"

"त्यांच्याकडे, सर."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणणं धाडसाचं होईल. "सोमवारी सरावानंतर ऑफिसात ये. दोन वर्षांचा करार आहे. वडिलांशी बोलून घे आधी."

वडिलांशी तो बसमधूनच बोलला.

"बाबा? आहात ना?"

"आहे, आहे. पायऱ्यांवर बसलोय." अजून थोडी जागा गेली. "त्या जागेचं मी उद्या साहेबांना सांगून टाकतो. दुसरं कुणी बघा म्हणून."

मागून आईचा आवाज आला, "अहो, आनंदाने सांगा की!"

"आनंदानेच सांगतोय," बाबा म्हणाले.

सोमवारी धाकट्या सरांनी पिशवी उपडी केली. लाल पडली, निळी पडली, शेवटी झटकल्यावर पिवळं पडलं. सरांनी ते सवयीने उचललं आणि सवयीने पिवळ्याच्या दिशेने फेकलं. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. दादाने मध्येच हात घालून ते उचललं होतं.

"नजर खाली होती तुमची, सर," दादा म्हणाला, आणि ते डोक्यातून घालायला लागला. त्याला ते पोटावर जरा तंग झालं. "बघताय काय सगळे? माझ्या गुडघ्याला हेच बरं. पळायचं कमी, आणि नेहमी बॉल असलेल्यांच्या बाजूने. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला."

"मग आता पिवळ्या कुणाला म्हणायचं?" गोलकीपरने विचारलं.

"त्यालाच," दादा म्हणाला. "मला दादाच म्हणायचं."

पिवळ्याने ढिगातून एक निळं उचललं. लाल त्याच्यासमोर पसरले, दादा मधल्या फटीत जाऊन उभा राहिला, आणि खेळ सुरू झाला. बॉल फिरत फिरत पिवळ्याकडे आला तेव्हा दादा मोकळा होता, बरोबर तिघांच्या मध्ये, कमरेपाशी तळहात पुढे करून. त्याच्या पाठीवर एक लाल येत होता.

"दादा, मागे!" पिवळ्या ओरडला, आणि बॉल त्याला दिला.